गादीखालचा पहारेकरी



रात्री झोपेत आपण किती वेळा कूस बदलली, हे सकाळी कोणालाच सांगता येत नाही. दिवे मालवल्यावर पाठ टेकली आणि पहाटेच्या शिट्टीला उठलो, एवढेच आठवते. मधले सात-आठ तास आपण एकाच जागी पडून होतो असे वाटते, पण तसे नसते. डेन्मार्कमध्ये ६६४ कामगारांच्या अंगावर हालचाल टिपणारी छोटी उपकरणे लावून त्यांच्या झोपेची नोंद घेण्यात आली. २०१७ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ही माणसे झोपेतला अर्ध्याहून थोडा अधिक वेळ कुशीवर, एक तृतीयांशाहून थोडा अधिक वेळ उताणी आणि अगदी थोडा वेळ पालथी होती. तासाला सरासरी दीड वेळा ती आपली स्थिती बदलत होती.

ही हालचाल आपल्याला कोणी शिकवलेली नाही. तिच्यासाठी जागही यावी लागत नाही. पण ती बंद पडली, तर काही तासांत अंगाला जखम व्हायला सुरुवात होऊ शकते. म्हणून गेली काही वर्षे अभियंते एका प्रश्नामागे लागले आहेत. अंथरुणावरच्या माणसाचा फोटो न काढता, त्याच्या अंगाला काहीही न बांधता, केवळ गादीवर पडणाऱ्या दाबावरून तो कोणत्या कुशीवर झोपला आहे हे ओळखता येईल का? या प्रश्नाचे उत्तर कसे शोधले जाते ते या लेखात पाहू. सैनिकी शाळेच्या अंकात हा विषय का, हेही ओघाने येईलच.

शरीराचा स्वतःचा पहारा

मांडी घालून बराच वेळ बसले की पायाला मुंग्या येतात. आपण पाय मोकळा करतो, थोडा चोळतो आणि काही क्षणांत तो पूर्ववत होतो. तेथे दाब फार वेळ राहिला, ही खबर चेतातंतूंनी मेंदूला दिली आणि मेंदूने हुकूम सोडला. झोपेतही हाच क्रम चालतो. कातडीखालचे चेतातंतू मज्जारज्जूच्या वाटेने खबर वर पाठवतात आणि स्नायूंना परत हुकूम येतो: कूस बदल. आपण मात्र गाढ झोपेत असतो.

दाबाने नेमके बिघडते काय? कातडीला आणि तिच्याखालच्या मांसाला रक्त पोचवणाऱ्या सर्वांत बारीक नळ्या म्हणजे केशवाहिन्या. युजीन लँडिस या संशोधकाने १९३० साली बोटांच्या नखाजवळच्या केशवाहिन्यांत शिरणाऱ्या रक्ताचा दाब मोजला. तो पाऱ्याच्या सुमारे ३२ मिलिमीटर उंचीइतका भरला. बाहेरचा दाब याहून बराच अधिक झाला आणि तसाच राहिला, तर केशवाहिनी चेपते आणि रक्त अडते. प्रत्येक माणसाला आणि शरीराच्या प्रत्येक भागाला हाच आकडा लागू पडतो असे नाही. अंदाज बांधायला मात्र तो उपयोगी आहे.

आठवीच्या पुस्तकातले सूत्र आठवा: दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ. समजा, ६० किलो वजनाचा एक जवान झोपला आहे. त्याचे वजन सुमारे ६०० न्यूटन. मऊ गादीत तो थोडा रुतला आणि त्याचे अर्धा चौरस मीटर अंग गादीला टेकले, असे धरू. सरासरी दाब १,२०० पास्कल झाला. पाऱ्याच्या एका मिलिमीटरचा दाब सुमारे १३३ पास्कल असतो, म्हणजे हा दाब साधारण ९ मिलिमीटर. आता तोच जवान उघड्या फळीवर झोपला आणि अंगाचा फक्त एक दशांश चौरस मीटर भाग फळीला टेकला, तर दाब ६,००० पास्कल, म्हणजे ४५ मिलिमीटर होतो. वजन तेच राहिले, दाब मात्र पाचपट झाला.

मऊ गादीवरचे ९ मिलिमीटर पाहून निश्चिंत व्हायचे कारण नाही, कारण ती सरासरी आहे. पोटऱ्यांखाली दाब कमी असतो. टाचा, माकडहाडाचा भाग, खांद्याचे फरे आणि डोक्याची मागची बाजू येथे हाड कातडीच्या अगदी जवळ असते. तेथे दाब सरासरीच्या कितीतरी पट असतो. जखमा नेमक्या याच ठिकाणी होतात.

दुसरा मुद्दा वेळेचा. मायकेल कोसियाक यांनी १९५९ साली प्रयोगांती दाखवले की जास्त दाब थोडा वेळ आणि कमी दाब बराच वेळ, दोन्हींनी ऊतींची हानी होते. म्हणून दाब किती, एवढेच विचारून भागत नाही. तो किती वेळ होता, हेही विचारावे लागते.

ज्यांचा पहारा उठला आहे

आता विचार करा. पाठीच्या कण्यात गोळी किंवा स्फोटाचा तुकडा घुसून मज्जारज्जू तुटला, तर काय होईल? कमरेखालची खबर मेंदूपर्यंत पोचत नाही आणि मेंदूचा हुकूम खाली उतरत नाही. टाच तासन्‌तास दबली तरी दुखत नाही, आणि दुखले असते तरी पाय हलला नसता. शरीराचा पहारेकरी ठाण्यावरून उठून गेलेला असतो. अशा माणसाला होणाऱ्या जखमांना शय्याव्रण म्हणतात. घरोघरी आणि दवाखान्यांत 'बेडसोर' हाच शब्द रुळला आहे. आधी कातडीवर लाल चट्टा येतो, मग कातडी फाटते. जखम हाडापर्यंत पोचू शकते. तिच्यातून जंतू रक्तात गेले तर जीवही जातो.

पहिल्या महायुद्धात मज्जारज्जूला इजा झालेले बहुतेक सैनिक पुढे फार काळ जगले नाहीत. गोळीतून वाचलेला माणूस अंथरुणातल्या जखमेने आणि मूत्रमार्गाच्या संसर्गाने दगावत असे. हे चित्र बदलण्यात मोठा वाटा डॉक्टर लुडविग गुटमन यांचा. नाझी राजवटीच्या छळामुळे जर्मनी सोडून ते १९३९ साली इंग्लंडला आले. १९४४ साली स्टोक मँडेव्हिल येथील रुग्णालयात त्यांनी अशा सैनिकांसाठी खास विभाग सुरू केला. त्यांच्या उपचारांतला सर्वांत साधा आणि सर्वांत कडक नियम होता: दर दोन तासांनी रुग्णाची कूस बदलायची, दिवसा आणि रात्रीही. सुटी नाही, सबब नाही.

कूस बदलली म्हणून माणसे जगली, आणि जगली म्हणून पुढे खेळू लागली. २९ जुलै १९४८ रोजी, लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनाच्याच दिवशी, गुटमन यांनी रुग्णालयाच्या आवारात चाकाच्या खुर्चीतल्या १६ माजी सैनिक स्त्री-पुरुषांची तिरंदाजीची स्पर्धा भरवली. आजचे पॅरालिंपिक त्यातून वाढले. १९७२ साली ही स्पर्धा जर्मनीत हायडेलबर्ग येथे झाली. तेथे पुरुषांच्या ५० मीटर मुक्तशैली पोहण्यात ३७.३३ सेकंदांची वेळ नोंदवून सुवर्णपदक जिंकले ते सांगली जिल्ह्यातील पेठ-इस्लामपूरच्या मुरलीकांत पेटकर यांनी. ते आपल्या भूदलातले जवान. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून त्यांना अपंगत्व आले होते. पॅरालिंपिकमधले ते भारताचे पहिले वैयक्तिक सुवर्णपदक. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पदकाचा फोटो सर्वांनी पाहिला असेल. पण जायबंदी सैनिक पदकाच्या मंचापर्यंत पोचण्याआधी अनेक रात्री कोणीतरी त्याच्या उशाशी जागलेले असते, हे फोटोत दिसत नाही.

हा विषय आपल्या परिसरालाही जवळचा आहे. पंचकुल्याला लागून असलेल्या चंडीमंदिर छावणीत पश्चिम कमांडचे मुख्यालय आहे आणि कमांड हॉस्पिटलही. चंदीगड ओलांडून मोहालीला गेले की मज्जारज्जूच्या इजेमुळे कमरेखाली किंवा मानेखाली लुळे पडलेल्या जवानांसाठीचे पुनर्वसन केंद्र लागते. ते १९७८ साली उभे राहिले. अशाच जवानांसाठीचे केंद्र पुण्याजवळ खडकीला आहे, ते १९७४ सालचे. खडकीच्या केंद्रातले जवान चाकाच्या खुर्चीवरून बास्केटबॉल खेळतात, आणि ज्यांचे हातही चालत नाहीत असे काही जण तोंडात कुंचला धरून चित्रे काढतात.

पण प्रत्येक जखमी जवान केंद्रात राहत नाही. कित्येक जण आपल्या गावी परततात. तेथे दोन तासांचा नियम पाळायचा असतो आईने, पत्नीने किंवा भावाने. रात्री अकराला, एकला, तीनला, पाचला उठायचे. एक रात्र नव्हे, वर्षानुवर्षे. गादीतल्या दाबाच्या अभ्यासाचे खरे मोल या घरात कळते.

गादीला कसे कळते

आंघोळ करून ओल्या पायांनी फरशीवर चाला आणि मागे वळून पाहा. टाच आणि चवडा ठळक उमटलेला दिसतो. तळपायाची कमान जेथे टेकत नाही तेथे फरशी कोरडी राहते. हा झाला स्पर्शाचा नकाशा. तो पाहून पाऊल डावे की उजवे हे तुम्ही क्षणात सांगता. दाब मोजणारी चादर हेच काम सगळ्या अंगासाठी करते. फरक एवढाच की ती 'टेकले की नाही' यापुढे जाऊन 'किती जोराने टेकले' हेही आकड्यात सांगते.

अशा चादरीत दाब-संवेदक बसवलेले असतात. काही संवेदक विजेला होणाऱ्या विरोधावर चालतात: दाबले की विरोध कमी होतो आणि वीज अधिक वाहते. काहींत दोन वाहक पट्ट्यांमध्ये मऊ थर असतो. दाबल्यावर पट्ट्या जवळ येतात आणि त्यांची विद्युतधारकता वाढते. तिसरा प्रकार पिझोइलेक्ट्रिक पदार्थांचा. त्यांवर दाब बदलला की ते विजेची बारीकशी लाट देतात, पण दाब स्थिर राहिला की लाट विरून जाते. म्हणून स्थिर पडलेल्या माणसाची कूस ओळखायला पहिले दोन प्रकार बरे पडतात. तिसरा प्रकार श्वास आणि हृदयाचे ठोके यांच्या सूक्ष्म थरथरीसाठी उत्तम. आयआयटीच्या दोन माजी विद्यार्थ्यांनी २०१५ साली बंगळुरूत सुरू केलेल्या कंपनीचे 'डोझी' हे उपकरण या दुसऱ्या कामाचे चांगले उदाहरण आहे. गादीखाली सरकवलेल्या पातळ पट्टीवरून ते ठोके आणि श्वास मोजते.

आता एक व्यावहारिक अडचण पाहू. नकाशा स्पष्ट हवा असेल तर संवेदक शेकड्यांनी लागतात. प्रत्येकाला दोन तारा जोडायच्या म्हटल्या तर गादीऐवजी तारांचाच गठ्ठा होईल. यावर तोडगा ओळी आणि स्तंभांचा. एका बाजूला आडव्या वाहक पट्ट्या, दुसऱ्या बाजूला उभ्या आणि मध्ये दाबाला प्रतिसाद देणारा थर. जेथे आडवी पट्टी उभीला छेदते, तेथे एक संवेदक तयार होतो. यंत्र पहिल्या आडव्या पट्टीला वीज देते आणि सगळ्या उभ्या पट्ट्या एकामागून एक वाचते. मग दुसरी पट्टी, मग तिसरी. शाळेत हजेरी घेतात तशीच ही रीत आहे. ३२ आणि ६४ पट्ट्यांच्या चादरीत केवळ ९६ तारांनी २,०४८ बिंदू वाचता येतात. एवढ्याच बिंदूंच्या चादरीवर १३ जणांना वेगवेगळ्या स्थितींत झोपवून, सेकंदाला एक नकाशा या वेगाने केलेल्या नोंदी अमेरिकेतील संशोधकांनी २०१७ साली सर्वांसाठी खुल्या केल्या. इंटरनेट आणि संगणक असलेला कोणताही विद्यार्थी त्यांवर काम करू शकतो.

ठशावरून कूस ओळखणे

आता आपल्या हाती २,०४८ आकड्यांचा चौकोन आहे. त्यातून माणूस उताणा, पालथा, डाव्या कुशीवर की उजव्या कुशीवर हे कसे ठरवायचे?

आधी आपल्या डोळ्यांनी पाहू. उताण्या माणसाचा ठसा रुंद असतो. वर डोक्याचा ठिपका, खाली दोन फऱ्यांचे डाग, मध्ये माकडहाडाचा मोठा डाग आणि शेवटी टाचांचे दोन ठिपके. मधोमध रेघ मारली तर दोन्ही बाजू बऱ्याच सारख्या दिसतात. कुशीवरचा ठसा अरुंद आणि लांबट असतो. खांदा आणि खुबा येथे दाब एकवटलेला. गुडघे बहुधा पुढे घेतलेले असतात, त्यामुळे ठशाचा खालचा भाग एका बाजूला वळतो. डाव्या कुशीवरच्या आणि उजव्या कुशीवरच्या माणसाचे गुडघे पलंगाच्या विरुद्ध कडांकडे जातात, आणि मुख्यतः त्यावरून डावी-उजवी ठरते. पालथ्या माणसाचा ठसाही रुंदच, पण त्यात छाती, ओटीपोट आणि गुडघे उमटतात. टाचांचे ठिपके नसतात.

सुरुवातीच्या पद्धतींत अभियंते हीच निरीक्षणे आकड्यांत मांडत. एकूण किती चौकटी दबल्या, ठशाची रुंदी किती, दाबाचा गुरुत्वमध्य कोठे, डाव्या-उजव्या अर्ध्या भागांत साम्य किती, असे पाच-पंचवीस आकडे काढायचे. मग नवा ठसा आला की जुन्या ठशांपैकी कोणाशी त्याचे आकडे सर्वाधिक जुळतात ते पाहायचे. सर्वांत जवळचे पाच शेजारी पाहिले आणि त्यांपैकी चार 'उजवी कूस' निघाले, तर नवाही उजव्या कुशीवर. अलीकडे हे काम न्यूरल नेटवर्ककडे सोपवतात. तेथे कोणती खूण पाहायची हे माणूस सांगत नाही. हजारो ठसे आणि त्यांची खरी उत्तरे दाखवली की खुणा ते स्वतः शोधते. मोबाइलमधला कॅमेरा चेहरा ओळखतो, त्याच जातीचे हे गणित आहे.

येथे एक धोका आहे, आणि परीक्षा देणाऱ्या तुम्हा मुलांना तो लगेच कळेल. एकाच माणसाच्या काही ठशांवर यंत्राला शिकवले आणि त्याच माणसाच्या उरलेल्या ठशांवर त्याची परीक्षा घेतली, तर गुण भरघोस पडतात. सरावाला दिलेलाच पेपर परीक्षेत आल्यासारखे ते असते. खरी परीक्षा अशी: बारा जणांवर शिकवायचे आणि यंत्राने कधीच न पाहिलेल्या तेराव्यावर तपासायचे. मग आळीपाळीने प्रत्येकाला तेरावा करायचे. गुण येथे कमी पडतात, पण विश्वास याच गुणांवर ठेवायचा. एखाद्या चादरीची जाहिरात ९८ टक्के अचूकतेचा दावा करत असेल, तर पहिला प्रश्न हाच विचारावा: परीक्षा कोणाची घेतली?

गादी कोठे चुकते

प्रयोगशाळेतला धडधाकट तरुण सांगितल्याप्रमाणे झोपतो. खरा रुग्ण तसा नसतो. त्याच्या पायांखाली उशी असते, चादरीला सुरकुत्या पडलेल्या असतात, लघवीची नळी असते. गादी जाड असली तर ती दाब पसरवते आणि ठसा धूसर होतो. संवेदकावर तासन्‌तास वजन राहिले तर त्याचे वाचन हळूहळू सरकत जाते, माणूस हललेला नसला तरीही.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे चार स्थिती ओळखून रुग्णाचे काम भागत नाही. कुशीवर अगदी काटकोनात झोपवले तर सगळा भार खुब्याच्या हाडावर येतो आणि तेथेच नवी जखम होते. म्हणून परिचारिका पाठीमागे उशी सरकवून रुग्णाला सुमारे ३० अंश कलते ठेवतात. हे कलते झोपणे यंत्राला कधी उताणे वाटते, तर कधी कुशीवरचे. रुग्णासाठी हा भेद मोलाचा आहे आणि यंत्रासाठी नेमका तोच अवघड.

काही गोष्टी तर या चादरीला मुळीच कळत नाहीत. पलंगाची डोक्याकडची बाजू उचलली की माणूस हळूहळू खाली घसरतो. कातडी चादरीला चिकटून राहते आणि आतले मांस सरकते. हा आडवा ताण शय्याव्रणाचे मोठे कारण आहे, आणि फक्त सरळ खाली येणारा दाब मोजणाऱ्या संवेदकाला तो दिसत नाही. कातडी ओली आहे का, अन्नातून पुरेसे प्रथिन मिळते आहे का, टाचेवर लाल चट्टा आला आहे का, यांचेही उत्तर चादरीजवळ नाही. त्यासाठी दिवा लावून डोळ्यांनी पाहावे लागते.

मग उपयोग काय? उपयोग आहे, आणि तो मोजला गेला आहे. अमेरिकेतील स्टॅनफर्ड येथे अतिदक्षता विभागातल्या तेराशेहून अधिक रुग्णांवर एक चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०१८ साली आले. तेथे चादरीऐवजी छातीवर चिकटवलेला छोटा संवेदक होता, पण काम तेच: रुग्ण कोणत्या स्थितीत आहे आणि किती वेळ आहे हे सांगणे. दोन्ही गटांतल्या रुग्णांना संवेदक लावले होते. एका गटाची माहिती परिचारिकांना दिसत होती, दुसऱ्याची दिसत नव्हती. दिसत नव्हती तेथे ठरल्याप्रमाणे कूस बदलण्याचे प्रमाण ५४ टक्के होते, दिसत होती तेथे ६७ टक्के. माहिती दिसत नव्हती त्या गटात १५ रुग्णांना नव्या जखमा झाल्या, दिसत होती त्या गटात ५ जणांना. संवेदकाने एकाही रुग्णाला हात लावून वळवले नाही. फक्त कोणाची पाळी आली आहे हे सांगितले.

शाळेत करून पाहा

आपल्या अटल टिंकरिंग लॅबमध्ये अशी छोटी चादर करता येईल. वेलोस्टॅट नावाचा काळा, वीज थोडीशी वाहू देणारा प्लॅस्टिकचा पातळ कागद मिळतो. दाबल्यावर त्याचा विरोध कमी होतो. पुठ्ठ्यावर तांब्याच्या चिकटपट्टीच्या आठ आडव्या पट्ट्या लावा, वर वेलोस्टॅट पसरा, त्यावर दुसऱ्या पुठ्ठ्याच्या आठ उभ्या पट्ट्या पालथ्या घाला. सोळा तारांत चौसष्ट बिंदू तयार झाले. अर्डुइनो बोर्डाला जोडून प्रत्येक बिंदूचा आकडा संगणकावर घ्या आणि जास्त दाबाला गडद रंग द्या.

आधी पुठ्ठ्यावर हाताचा पंजा ठेवून पाहा. मग तळव्याची एक कड टेकवा. ही झाली पंजाची 'कूस'. दहा मित्रांचे ठसे घ्या, नऊ जणांवरून नियम बनवा आणि दहाव्यावर तपासा. प्रयोग करताना एक गंमत दिसेल: तीन कोपरे दाबले तर न दाबलेला चौथा कोपराही थोडा गडद होतो. वीज शेजारच्या पट्ट्यांतून चोरवाटेने तेथे पोचते. ही चोरवाट कशी बंद करायची, हा विज्ञान प्रदर्शनासाठी चांगला प्रश्न आहे.

संत्री आणि गार्ड

संत्र्याचे काम तुम्हाला ठाऊक आहे. तो एकटा लढाई जिंकत नाही. तो जागा राहतो, नजर ठेवतो आणि वेळेवर गार्डला हाक देतो. त्याच्या भरवशावर बाकीचे चार तास झोपू शकतात. गादीखालच्या संवेदकाकडून हीच अपेक्षा ठेवावी.

दोन तासांचा नियम घड्याळाचा आहे. घड्याळाला रुग्ण दिसत नाही. एक वाजता जवानाने स्वतःच हातांच्या बळावर अंग वळवले असेल, तरी घड्याळ आईला उठवते. आणि साडेअकरालाच तो घसरून खुब्यावर आला असेल, तरी घड्याळ एक वाजेपर्यंत गप्प राहते. चांगली चादर ही दोन्ही वेळा ओळखू शकेल. जेथे गरज नाही तेथे ती आईची झोप मोडणार नाही, जेथे गरज आहे तेथे हाक देईल. अट एकच: तिने उगाच हाका मारू नयेत. दर अर्ध्या तासाला खोटी हाक देणाऱ्या संत्र्याकडे तिसऱ्या रात्री कोणी लक्ष देत नाही, आणि खरी हाक वाया जाते. म्हणून अशी चादर बनवणाऱ्याने अचूकतेच्या टक्क्यांबरोबर आणखी एक आकडा सांगायला हवा: एका रात्रीत ती किती वेळा विनाकारण उठवते?

तुमच्यातले काही पुढे अधिकारी होतील, काही डॉक्टर, काही अभियंते. जो अभियंता होईल त्याच्यासाठी काम पुष्कळ शिल्लक आहे. चादर धुता आली पाहिजे, वीज गेली तरी रात्रभर चालली पाहिजे, गावातल्या घराला परवडली पाहिजे आणि ३० अंशांची कलती कूस तिला ओळखता आली पाहिजे. जो अधिकारी होईल त्याने एवढे ध्यानात ठेवावे की लढाई संपल्यावरही जखमी जवानाच्या घरी रात्रपाळी सुरूच असते. त्या पाळीवरच्या माणसाला दोन तास सलग झोप मिळाली, तर तीही मोठी मदत आहे. हाक गादीने द्यावी, कूस मात्र माणसाच्या हातांनीच बदलावी लागते.